‘परमफल’ आणि ‘गतिफलाचा अभाव’ : भास्कराचार्यांच्या एका विधानाची भाषिक चिकित्सा

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख मराठी भाषेच्या अभ्यासकांस परिचित आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा ज्योतिषी चांगदेव याने तेथे एक मठ स्थापिला आणि सिद्धांतशिरोमणी व भास्कराचार्यांच्या कुळातील अन्य ग्रंथ यांचे अध्ययन तेथे चालावे अशी व्यवस्था केली. लेखात शके ११२८ (इ. स. १२०६-०७) हा शक आहे. चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख विद्वानांपुढे आणला, तेव्हापासून त्याची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे : भास्कराचार्यांची वंशावळ, आणि लेखाच्या अखेरीस येणारी प्राचीन मराठी. या मराठी भागात मठाला दिलेल्या उत्पन्नांची, पेठेतील विक्रीवरील करांची नोंद आहे. मठात जे शिकविले जावयाचे ते संस्कृतात होते, आणि मठ ज्यावर चालावयाचा ते मराठीत नोंदले गेले. व्यवहाराची भाषा आणि गणिताची भाषा यांमधील ही विभागणी पुढे सात शतके टिकली. मराठीत उच्च गणित शिकविण्याचा प्रश्न जेव्हा उपस्थित होतो तेव्हा या विभागणीचा विचार टाळता येत नाही.

मठात जे शिकविले जाणे अभिप्रेत होते त्यातील एका विधानाचा येथे विचार करावयाचा आहे. ग्रहाचे फल जेथे परम, म्हणजे सर्वाधिक, असते तेथे गतिफलाचा अभाव असतो, असे त्या विधानाचे तात्पर्य आहे. अवकलजाच्या साहाय्याने फलन कोठे चढते व कोठे उतरते हे ठरविण्याची जी रीत आज महाविद्यालयांत शिकवितात, तिच्याशी या विधानाचे नाते काय, हा प्रश्न गेली दीडशेहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. त्याची उत्तरे बहुधा अभिमानाने किंवा संशयाने दिली गेली. भास्कराचार्यांची परिभाषा शब्दशः तपासून उत्तर शोधण्याचा प्रयत्न त्या मानाने थोडा झाला आहे.

प्रथम संज्ञा. ग्रह समान वेगाने चालतो असे मानून जे स्थान मिळते तो मध्यम ग्रह, आणि प्रत्यक्षात जेथे दिसतो तो स्पष्ट ग्रह. या दोहोंतील अंतर म्हणजे फल. मध्यम ग्रहातून त्याचे मंदोच्च वजा केले म्हणजे मंदकेंद्र मिळते. हा एक कोन आहे. दैनंदिन गतीतही असेच दोन प्रकार आहेत, मध्यम गती व स्पष्ट गती. त्यांमधील अंतर म्हणजे गतिफल. भास्कराचार्यांनी स्पष्ट गतीचे पुन्हा दोन भेद केले. आजच्या व उद्याच्या स्पष्ट ग्रहांतील अंतर ही एका दिवसाची स्थूल गती. आणि त्या क्षणाची ती तात्कालिकी गती. चंद्राची गती मोठी असून ती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथीचा अंत काढताना तात्कालिकी गतीच घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. तात्कालिकी गतीचे गतिफल काढण्यासाठी केंद्राच्या गतीला कोटिफलाने गुणून त्रिज्येने भागावयाचे असते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर फल हे केंद्राच्या भुजज्येवर अवलंबून आहे आणि गतिफल कोटिज्येवर. एक दुसऱ्याचे अवकलज आहे.

सूर्याच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सूर्याची मध्यम गती दिवसाला सुमारे ५९ कला ८ विकला. परिघाचे ३६० अंश धरले तर सूर्याचा मंदपरिधी १३ अंश ४० कला मानला आहे. त्यावरून परमफल सुमारे २ अंश १० कला येते. केंद्र शून्य अंशांपासून १० अंशांपर्यंत जाते तेवढ्यात फल सुमारे २३ कलांनी वाढते. परंतु केंद्र ८० अंशांपासून ९० अंशांपर्यंत जाताना त्यात अवघ्या २ कलांची भर पडते. उच्चाजवळ गतिफल सुमारे २ कला १५ विकला, केंद्र ६० अंश असता त्याच्या निम्मे, आणि ९० अंशांवर शून्य. म्हणून सूर्याची स्पष्ट गती उच्चाशी सुमारे ५६ कला ५३ विकला, नव्वद अंशांवर मध्यम गतीइतकीच, आणि नीचाशी सुमारे ६१ कला २३ विकला होते.

येथपर्यंतचे गणित सर्वमान्य आहे. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयाचे ते धन आणि ऋण यांच्या नियमांकडे. हे नियम दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या शब्दांनी सांगितलेले आहेत. मंदफलाचा नियम असा की केंद्र मेषादी सहा राशींत असता फल ऋण, तुलादी सहा राशींत असता धन. गतिफलाचा नियम असा की केंद्र कर्क्यादी सहा राशींत असता गतिफल धन, मकरादी सहा राशींत असता ऋण. वर्तुळ एकच आहे, परंतु त्याचे दोन रेघांनी दोन प्रकारे भाग पाडले आहेत, आणि या दोन रेघांत तीन राशींचे, म्हणजे ९० अंशांचे, अंतर आहे. पहिली विभागणी फलाचे चिन्ह सांगते : ग्रह मध्यमाच्या पुढे आहे की मागे. दुसरी विभागणी फलाच्या बदलाचे चिन्ह सांगते : ग्रह मध्यमाच्या तुलनेने पुढे सरकत आहे की मागे पडत आहे. चिन्हासह फल घेतले तर ते मकरादी अर्धात उतरते आणि कर्क्यादी अर्धात चढते. फलन कोणत्या अंतराळात चढते व कोणत्या अंतराळात उतरते हे सांगणारे जे कोष्टक आजचा विद्यार्थी मांडतो, तेच हे कोष्टक होय. फक्त अंतराळांची नावे राशींची आहेत.

या नामकरणाचे महत्त्व पहिल्या पादात विशेष जाणवते. केंद्र शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत जात असता सूर्याची स्पष्ट गती सतत वाढत असते, आणि तरीही सूर्य मध्यमाच्या अधिकाधिक मागे पडत असतो. कारण गती वाढत असली तरी मध्यम गतीहून ती अद्याप कमीच असते. ‘वेग वाढतो आहे’ आणि ‘मागे पडतो आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. व्यवहाराच्या भाषेत ती परस्परविरोधी वाटतात. सिद्धांतकाराच्या भाषेत तसा विरोध वाटण्याचे कारण नाही, कारण फल, गतिफल आणि गती या तिहींना तेथे स्वतंत्र नावे आहेत आणि प्रत्येकाच्या धनऋणत्वाचा किंवा वाढघटीचा विचार स्वतंत्रपणे होतो.

ही परिभाषा केवळ सोयीची नव्हती, तिच्या बळावर भास्कराचार्यांनी एका पूर्वसूरीचे मत खोडून काढले. आठव्या शतकातील लल्लाचा शिष्यधीवृद्धिद हा ग्रंथ त्यांना उत्तम अवगत होता. त्यावर त्यांनी टीकाही लिहिली. कक्षावृत्त आणि प्रतिवृत्त ही दोन वर्तुळे जेथे एकमेकांस छेदतात तेथे स्पष्ट गती मध्यम गतीइतकी होते, असे लल्लाचे म्हणणे. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात निराळे स्थान सांगितले : कक्षावृत्ताच्या मध्यातून जाणारी आडवी रेषा, म्हणजे उच्चनीचरेषेला लंब असलेली रेषा, प्रतिवृत्ताला जेथे छेदते ते स्थान. फल तेथे परम असते, आणि जेथे फल परम तेथेच गतिफलाचा अभाव असला पाहिजे. आजचे फल आणि उद्याचे फल यांतील अंतर म्हणजे गतिफल. फलाचे वाढणे थांबून घटणे सुरू व्हावयाचे त्या ठिकाणी हे अंतर उरू शकत नाही. आकृतीवरून पडताळा घेता भास्कराचार्यांचेच म्हणणे बरोबर ठरते. दोन वर्तुळांच्या छेदबिंदूपाशी फल अजून परमावस्थेला पोहोचलेले नसते. टीकाव्यापाराच्या दृष्टीने हे स्थळ अत्यंत मोलाचे आहे. येथे एका आचार्याचे मत दुसऱ्या आचार्याच्या अधिकाराने नव्हे, तर ‘परम’ या शब्दाच्या अर्थानेच निरस्त झाले आहे.

१८५८ मध्ये बापूदेवशास्त्री यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध करून भास्कराचार्यांस चलनकलनाचे ज्ञान होते असे प्रतिपादन केले. बापूदेवशास्त्री मराठी कुळातले. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात ते गणित शिकवीत. त्यांचे प्रतिपादन मुख्यतः तात्कालिकी गतीवर व उपरोक्त परमफलाच्या विधानावर आधारलेले होते. १८६० मध्ये इंग्लंडमधील गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी त्यावर आक्षेप घेतला. भास्कराचार्यांच्या विवेचनाची सूक्ष्मता आणि आधुनिक रीतीशी असलेले साम्य त्यांनी मोकळेपणाने मान्य केले; परंतु कालाचा अंश अत्यंत सूक्ष्म, अनंताल्प घ्यावयाचा ही कल्पना तेथे स्पष्ट शब्दांत आढळत नाही, तेव्हा चलनकलनाचे तत्त्व त्यांना अवगत होते असे म्हणता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

या वादात दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीवर दृष्टी खिळविली : सूक्ष्म कालाची कल्पना होती की नव्हती. त्यामुळे वादाचे स्वरूप अग्रमानाच्या वादाचे झाले. अग्रमानाचा विचार करावयाचाच तर आणखी मागे जावे लागते; कोटिज्येवर आधारलेले गतिफल शके ८५४ (इ. स. ९३२) मधील मुंजालाच्या लघुमानसात आलेले आहे. भास्कराचार्यांचे वैशिष्ट्य सूत्रापेक्षा उपपत्तीत आहे. २२५ कलांच्या अंतराने मांडलेल्या चोवीस ज्यांच्या कोष्टकावरून गती काढली तर एका संपूर्ण खंडात भोग्यखंड तोच राहतो आणि पुढील खंडाच्या आरंभी गती एकदम उडी घेते. हा दोष त्यांना खटकला, आणि प्रत्येक क्षणी बदलणारा तात्कालिक भोग्यखंड त्यांनी कोटिज्येच्या त्रैराशिकाने काढला. स्पॉटिसवुड यांचा आक्षेप या स्थळी काहीसा सैल पडतो. कारण ‘तात्कालिक’ हा शब्द ज्या दोषाच्या परिहारासाठी आला आहे तो दोष नेमका मोठ्या खंडामुळे उद्भवलेला आहे. परंतु म्हणून बापूदेवशास्त्र्यांचा निष्कर्ष संपूर्ण स्वीकारावा असेही ठरत नाही.

त्याची कारणे तीन. पहिले असे की भास्कराचार्यांचे विधान ग्रहफलाविषयी आहे. कोणत्याही राशीला लागू पडणारी सर्वसाधारण रीत म्हणून ते मांडलेले नाही. लायब्निट्झचा १६८४ चा लेख शीर्षकापासूनच महत्तम व लघुतम यांच्या शोधाची नवी रीत म्हणून उभा राहतो; वक्राची कोटी वाढती असता तिचा सूक्ष्म भेद धन, घटती असता ऋण, आणि परमस्थानी यांपैकी कोणताच नाही, असे तो सरसहा सांगतो. दुसरे कारण तर्कशास्त्राचे आहे. ‘परमफल असेल तेथे गतिफल शून्य’ या विधानाचा व्यत्यास ‘गतिफल शून्य असेल तेथे परमफल’ असा होतो आणि तो सर्वत्र खरा नाही. क्ष च्या घनाचे अवकलज क्ष शून्य असता शून्य होते, तरी ते फलन तेथे थबकून पुन्हा चढतच राहते. परमस्थान ठरण्यासाठी अवकलजाचे चिन्ह पालटावे लागते. ज्येच्या बाबतीत ते पालटतेच, त्यामुळे भास्कराचार्यांस ही अडचण कधी भेटली नाही. तिसरे कारण सिद्धतेचे. अवकलज एखाद्या अंतराळात सर्वत्र धन असेल तर फलन त्या अंतराळात चढते, हे विधान दिसावयास उघड असले तरी त्याची सिद्धता मध्यममूल्याच्या प्रमेयावर अवलंबून आहे, आणि त्या प्रमेयाची काटेकोर मांडणी लाग्रांज व कोशी यांच्या काळापर्यंत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पादापर्यंत, झालेली नव्हती. एका बिंदूपाशी अवकलज धन असणे याला पुरत नाही. तसेच अंतराळ अखंड असावे लागते. एक भागिले क्ष या फलनाचे अवकलज ते जेथे जेथे आहे तेथे ऋण असते, तरी शून्याच्या डावीकडून उजवीकडे जाताना फलन ऋणावरून धनावर उडी घेते. दोन ठिकाणी फल शून्य असल्यामुळे मध्ये कोठेतरी गतिफल शून्य होते, एवढ्या निरीक्षणावरून भास्कराचार्यांना रोलचे प्रमेय ठाऊक होते असे जे म्हटले जाते, तेही याच कारणास्तव अतिव्याप्त आहे. एका वक्राचे यथार्थ ज्ञान आणि सर्व वक्रांविषयीचे प्रमेय यांत अंतर आहे.

तेव्हा भास्कराचार्यांच्या पदरात नेमके काय राहते? राहते ते अग्रमानाहून अधिक उपयुक्त आहे. राशी, राशीचा बदल आणि त्या बदलाचा बदल या तीन पातळ्या नावांनिशी वेगळ्या ठेवण्याची शिस्त ही त्यांची देणगी होय. आजच्या मराठीची उणीव नेमकी येथेच आहे.

मराठीत ‘कमी’ हा शब्द स्थिती आणि बदल या दोहोंसाठी चालतो. ‘कमी आहे’ आणि ‘कमी झाले’ यांतील भेद केवळ क्रियापदावर सोपविलेला आहे. ‘वाढ’ या नामाची गत याहून वाईट. ‘वाढ कमी झाली’ हे वाक्य ऐकणारा बहुधा ‘घट झाली’ असे समजतो. महागाईचा दर उतरला की वस्तू स्वस्त झाल्या असे मानले जाते. वस्तुतः दर धन आहे तोवर किमती चढतच असतात, त्यांचा चढ तेवढा सौम्य झालेला असतो. पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या वाचकास रोज भेटणारे उदाहरण पैठणच्या नाथसागराचे आहे. जायकवाडी धरणातील साठा हे फलन धरले, तर होणारी आवक उणे विसर्ग, कालव्यांतून व पाणीपुरवठ्यासाठी होणारा उपसा आणि बाष्पीभवन हे त्याचे अवकलज. ‘आवक घटली’ या बातमीने साठा उतरू लागला असा समज होतो. परंतु घटलेली आवकही एकूण खर्चाहून अधिक असेल तर साठा चढताच राहतो. ज्या क्षणी आवक व खर्च समान होतात, त्या क्षणी साठा परम. आणि आवक सर्वाधिक असण्याचा क्षण त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. पूर ओसरू लागल्यावरही पाणी का चढते याचे उत्तर परमफल आणि गतिफलाचा अभाव यांच्या संबंधातच आहे.

मराठवाड्यात या उणिवेला एक ऐतिहासिक कारणही आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते, आणि १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे उच्च गणिताची परिभाषा येथे प्रथम उर्दूतून आली, नंतर इंग्रजीतून. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर मराठी परिभाषेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. पाटणच्या मठाची परंपरा भूगोलाने निकट असूनही भाषेने तुटलेली होती. फलन, अवकलज, वर्धमान या संज्ञा संस्कृत धातूंपासून घडविल्या गेल्या, परंतु ज्या भेदासाठी त्या हव्या होत्या तो भेद विद्यार्थ्याच्या बोलीत कोठे आहे, याचा शोध घेतला गेला नाही.

तो भेद बोलीत नाही असे मात्र नव्हे. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून येणाऱ्या कोणाही गाडीवानास ‘चढ’ आणि ‘उंची’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे सांगावे लागत नाही. ‘आता चढ कमी झाला’ असे तो म्हणतो तेव्हा उतार लागला असा अर्थ कोणी करीत नाही. चढ संपतो तेथे माथा असतो. क्वचित माथा नसून नुसते सपाट वळण असते आणि पुढे पुन्हा चढ लागतो, हेही त्याच्या अनुभवात असते. क्ष च्या घनाचे जे उदाहरण वर्गात अवघड वाटते ते घाटात परिचयाचे आहे. उंची ही राशी, चढ हे तिचे अवकलज. उंचीला ‘कमी-जास्त’, चढाला ‘तीव्र-सौम्य’ आणि चढाच्या अभावाला ‘सपाट’ अशी निरनिराळी विशेषणे मराठीने आपण होऊन राखली आहेत. या कारणास्तव ‘वाढते व कमी होणारे फलन’ यापेक्षा ‘चढते व उतरते फलन’ ही संज्ञा अधिक स्वीकार्य ठरते. पहिल्या जोडीत राशी आणि तिचा बदल यांची सरमिसळ होते. दुसरीत ‘चढ’ हे स्वतंत्र नाम हाताशी राहते आणि ‘चढ धन असेल तेथे फलन चढते’ असे वाक्य सहज बोलता येते.

भास्कराचार्यांस चलनकलनाचा जनक ठरविण्याने त्यांच्या ग्रंथाचे वाचन वाढले असे दिसत नाही. उलट ते विधान ग्रंथ न उघडताही करता येते. ग्रंथ उघडला असता तेथे आढळते ती एक सावध भाषा, जी ‘मागे असणे’ आणि ‘मागे पडणे’ यांना एकच नाव देत नाही आणि त्यांच्या सीमा वर्तुळावर निरनिराळ्या जागी आखते. पाटणच्या शिलालेखात मठाच्या उत्पन्नापुरतीच मराठी वापरली गेली होती. मठात शिकविल्या जाणाऱ्या भेदांनाही मराठीत तितकीच निःसंदिग्ध नावे मिळणे हे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते परिभाषाकाराइतकेच भाषाभ्यासकाचेही आहे.